लाइन : आधी ताणलेला दोरा, मग ओढलेली रेघ

खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेनं प्रश्न पाठवलाय. सातवीच्या वर्गात त्यांनी ‘लाइन म्हणजे रेघ’ असं सांगितलं, तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, मग ब्लाउजच्या आतल्या कापडाला ‘लायनिंग’ का म्हणतात? पोलीस लाइनमध्ये रेघ कुठं असते? फोनची लाइन ‘लागते’ म्हणजे नेमकं काय लागतं? हे एकाच शब्दाचे अर्थ आहेत की कानाला सारखे वाटणारे वेगवेगळे शब्द? बाईंनी त्यात स्वतःची एक शंकाही जोडली आहे: ‘डेडलाइन’चा मरणाशी खरंच काही संबंध आहे का?

आधी थोडक्यात सांगतो. हे सगळे शब्द एकाच कुळातले आहेत आणि त्या कुळाचा मूळपुरुष दोरा आहे. रेघ ही त्याची नंतरची संतती. बेळगाव परिसरातल्या मराठी शाळांत इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या अनुभवावरून सांगतो, ‘लाइन म्हणजे रेघ’ इथून सुरुवात केली की पुढचा प्रत्येक अर्थ मुलांना वेगळा पाठ करावा लागतो. ‘लाइन म्हणजे ताणलेला दोरा’ इथून केली की त्यातले निम्म्याहून जास्त अर्थ मुलं आपणहून काढतात.

आता मुळापासून घेऊ. मूळ आहे अळशी. आपल्याकडे जवस म्हणतात, संस्कृतात अतसी, कन्नडमध्ये अगसी. आपण तिच्या बियांची चटणी करून भाकरीबरोबर खातो, त्यामुळं हे पीक आपल्या लेखी तेलबियांचं. युरोपात आणि इजिप्तमध्ये मात्र हजारो वर्षं ही झाडं मुख्यतः देठासाठी लावली गेली. निळ्या फुलांचं हे रोप मुळासकट उपटायचं, पेंढ्या बांधून पाण्यात कुजवायच्या, वाळवायच्या, कुटायच्या आणि विंचरून आतले लांब, चिवट धागे मोकळे करायचे. या धाग्यांचं कापड म्हणजे लिनन. इजिप्तमधल्या ममी याच कापडात गुंडाळलेल्या आहेत. या झाडाचं लॅटिन नाव ‘लिनुम’. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा अळशीला ‘लिनुम उसितातिसिमुम’ म्हटलं, म्हणजे ‘अतिशय उपयोगाचं लिनुम’. (लिनियसच्या स्वतःच्या आडनावाचा याच्याशी संबंध नाही. ते लिंडन नावाच्या झाडावरून आलंय. हुशार मुलं हे हमखास विचारतात म्हणून सांगून ठेवतो.)

लिनुमच्या धाग्याची दोरी ती ‘लिनेआ’. रोमन कोळ्याच्या गळाची दोरी लिनेआ, गवंड्याच्या ओळंब्याची दोरी लिनेआ, आणि ती दोरी ताणून आखलेली खूणही लिनेआच. हा शब्द इंग्रजीत दोन वाटांनी शिरला. जुन्या इंग्रजीत ‘लीने’ हा शब्द फार आधीपासून होता आणि त्याचा अर्थ दोर, दोरखंड. पुढं 1066 नंतर नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंच आली आणि तिच्यातून ‘लिन्य’ आला, त्यात रेघ आणि ओळ हे अर्थ जास्त ठसठशीत होते. दोन्ही एकाच बापाचे, त्यामुळं ते एकमेकांत असे मिसळले की आता सांधा दिसत नाही.

दोऱ्याची रेघ कशी झाली, हे मी वर्गात फळ्यावर कधी समजावलं नाही. त्यासाठी सुताराकडे जायचं. खानापूरकडं लाकडाच्या वखारी आहेत, तिथं जुना कारागीर अजून यंत्राशिवाय तुळईवर खूण करतो. लाल काव पाण्यात कालवायची, त्यात सुती दोरा बुडवायचा. एकानं दोऱ्याचं टोक तुळईच्या एका कडेला अंगठ्यानं दाबायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या कडेला. दोरा ताठ झाला की मधोमध दोन बोटांत पकडून सरळ वर उचलायचा आणि सोडायचा. ‘फट्’ असा आवाज होतो, काव उडते, आणि दोरा उचलल्यावर लाकडावर केसभर जाडीची तांबडी रेघ उरते. याला ‘सूत मारणं’ म्हणतात. पट्टी लावून पंधरा फुटांची सरळ रेघ निघत नाही, सुतानं निघते. ‘लाइन’ या शब्दाचा सगळा प्रवास या एका क्षणात आहे. आधी दोरा, मग त्याचा ठसा, आणि पुढं दोऱ्याशिवाय काढलेल्या खुणेलाही तेच नाव.

आपल्या भाषेत हाच प्रवास ‘सूत्र’ या शब्दानं केला. सूत म्हणजे दोरा, सूत्र म्हणजे दोरा आणि नियमही. ‘सुतार’ हा शब्दच सूत्रधारावरून आलाय, दोरी धरणारा तो सूत्रधार. यज्ञाच्या वेद्या आखण्याचं गणित ज्यांत आहे त्या शुल्बसूत्रांतलं ‘शुल्ब’ म्हणजेही दोरीच. आपल्याकडं भूमितीची सुरुवात दोरी ताणण्यापासून झाली, तिकडंही तसंच. आणि ‘तंतू’ हा शब्द ‘तन्’ म्हणजे ताणणे या धातूवरून आलाय. शहापूर-वडगावच्या विणकरांचा मागावरचा उभा धागा ‘ताणा’, तोही त्याच घरचा.

आता एक गंमत बघा, जी इंग्रजीच्या शिक्षकांनाही सहसा ठाऊक नसते. इंग्रजीत ताणणे म्हणजे ‘स्ट्रेच’, आणि सरळ म्हणजे ‘स्ट्रेट’. हे दोन वेगळे शब्द नाहीत. ‘स्ट्रेट’ हे ‘स्ट्रेच’चंच जुनं भूतकाळी रूप आहे, म्हणजे ‘ताणलेलं’. तेव्हा ‘स्ट्रेट लाइन’ म्हणजे अक्षरशः ‘ताणलेला अळशीचा दोरा’. भूमितीच्या पुस्तकात आपण ‘सरळ रेषा’ म्हणतो तेव्हा चित्र वेगळं असतं. रेषा, रेखा, रेघ हे शब्द ओरखडा काढण्याच्या धातूवरून आलेत, ज्यावरून ‘लिहिणं’ही आलं. इंग्रजी लाइन ताणून निघते, आपली रेघ ओरखडून निघते. म्हणून ‘लाइन’चं ‘रेघ’ असं भाषांतर परीक्षेपुरतं बरोबर असलं तरी वर्गात ते मुलांची वाट अडवतं. लायनिंग, पाइपलाइन, फोनची लाइन यांपैकी काहीच ओरखड्यातून निघत नाही.

मापाचंही बघा. उद्यमबागच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ‘तीन सूत’, ‘चार सूत’ ही भाषा रोज चालते. आठ सुतांचा एक इंच. दोऱ्याच्या जाडीवरून बारीक माप आलं आणि त्याला दोऱ्याचंच नाव राहिलं. इंग्रजीतही ‘लाइन’ हे असंच जुनं माप होतं, इंचाचा बारावा भाग. फ्रान्समध्ये त्यालाच ‘लिन्य’ म्हणत आणि घड्याळाच्या यंत्राचा आकार अजून त्यात सांगतात, एक लिन्य म्हणजे सुमारे 2.256 मिलिमीटर. शिंप्यांच्या सामानात हे नाव आपल्यापर्यंतही पोचलं आहे. खडेबाजारात शिलाईच्या सामानाच्या दुकानात शर्टाचं बटण मागितलं तर ‘18 लाइन की 24?’ असं विचारतात. बटणाच्या हिशेबात 40 लाइनचा इंच धरतात, म्हणून 18 लाइनचं बटण सुमारे साडेअकरा मिलिमीटर भरतं. त्या मुलीला शर्टाच्या बटणापर्यंत घेऊन जा, ती हा शब्द विसरणार नाही.

आणि शिंप्याकडे गेलोच आहोत तर तिच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर तिथंच देऊ. ‘लायनिंग’ मात्र दोऱ्याच्या वाटेनं आलेलं नाही, ते कापडाच्या वाटेनं आलंय. जुन्या इंग्रजीत अळशीला आणि तिच्या कापडाला ‘लीन’ म्हणत. ‘लिनन’ हा शब्द आधी विशेषण होता: जसं लाकडाचं ते ‘वुडन’, लोकरीचं ते ‘वुलन’, तसं लीनचं ते ‘लिनन’. लोकरीचे जाड कपडे अंगाला टोचायचे, म्हणून आतून मऊ लिनन लावायचे. लीन लावणं ते ‘टू लाइन’, आणि लावलेलं ते ‘लायनिंग’. हा वापर चौदाव्या शतकापासूनचा आहे. आज अस्तर सुती असो, पॉलिस्टरचं असो, नाव लिननचंच. म्हणजे मुलीची शंका अगदी रास्त होती. ब्लाउजच्या अस्तराचा रेघेशी संबंध नाही, पण दोघींचं मूळ रोप एकच. फरक एवढाच की एक दोरीची मुलगी आणि दुसरी कापडाची. त्याच कापडाच्या घरातला फ्रेंच ‘लिंज’ म्हणजे घरातले धुवट कपडे, आणि त्यावरून आलेला ‘लाँजरी’. दुकानाच्या पाटीवर वाचताना मुलं हसतात, तेव्हा त्यांना सांगावं की हाही अळशीच्या शेतातलाच शब्द आहे. लिनसीड म्हणजे लीनचं बी. गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं नव्या बॅटला जे तेल पाजतात ते लिनसीडचंच. फरशीवर अंथरायचं लिनोलियम 1860 च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसानं तयार केलं. लिनुम आणि तेलासाठीचा लॅटिन शब्द ‘ओलेउम’ जोडून त्यानं हे नाव बनवलं, कारण ते घट्ट झालेल्या अळशीच्या तेलापासूनच होतं. अळशी कातणाऱ्यांच्या धंद्यात तर विंचरून काढलेल्या लांब धाग्याला अजूनही नुसतं ‘लाइन’च म्हणतात, आखूड धाग्याला ‘टो’.

आता ओळीकडे. दोरी ताणून तिच्याकडेनं माणसं, तंबू, झाडं उभी केली की ओळ झाली. पोलीस लाइन, सिव्हिल लाइन्स यांतली लाइन ही. लष्कराच्या छावणीत तंबू किंवा बराकी एका ओळीत असत, त्या ओळींना ‘लाइन्स’ म्हणत. पुढं त्या वस्तीचंच ते नाव झालं. बेळगावात इतकं जुनं लष्करी ठाणं असल्यानं आपल्याकडे हा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कॅम्पमध्ये एकसारख्या कौलारू घरांची रांग दिसली की काम झालं. आपल्या भागात याच ओळीच्या अर्थाचा एक देखणा शब्द वापरात आहे, ‘पाळी’. रेशन दुकानासमोर कन्नड माणूस ‘पाळी हच्चि’ म्हणतो तेव्हा तो रांग लावायला सांगत असतो, आणि आपण ‘माझी पाळी’ म्हणतो तेव्हा रांगेतला आपला नंबर सांगत असतो. संस्कृत ‘पालि’ म्हणजे ओळ, कड. कानाची पाळी त्यातलीच, कारण ती कानाची कड. बुद्धवचनं ज्या भाषेत आहेत ती ‘पाली’ही याच शब्दावरून, ग्रंथातल्या ओळी म्हणून. मुलांना सांगताना ‘लाइन म्हणजे रांग’ इथं थांबू नका, पाळीपर्यंत जा. ही मुलं घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशी तीन भाषांत वावरतात, आणि असे शब्द त्या तिन्ही भाषांतून एकदम उलगडतात.

रेल्वे लाइनबद्दल मुलांना वाटतं, रूळ लांबून रेघांसारखे दिसतात म्हणून लाइन. तसं नाही. मिरजेहून बेळगावमार्गे लोंढ्याला जाणारी लाइन आधी मीटरगेज होती, आता ब्रॉडगेज आहे. रूळ बदलले, स्लीपर बदलले, रुळांमधलं अंतर बदललं, तरी लोक म्हणतात ‘तीच लाइन’. कारण इथं लाइन म्हणजे दोन गावांमध्ये ताणलेला मार्ग. जहाजांच्या, विमानांच्या कंपन्यांना ‘लाइन’ आणि ‘एअरलाइन’ म्हणतात तेही यामुळंच. आकाशात रेघ कुणी काढलेली नसते, ठरलेला मार्ग असतो. ‘लायनर’ म्हणजे त्या मार्गावर नेमानं जाणारं जहाज. पाइपलाइन यातच बसते. आणि ‘तो कुठल्या लाइनीत आहे?’ असं आपण धंद्याबद्दल विचारतो, तोही मार्गच, पोटापाण्याचा.

फोनच्या लाइनीत शब्द पुन्हा मूळ अर्थावर आला. मोर्सनं 1844 मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तारेनं संदेश पाठवला. ती तार खांबाखांबांवर ताणलेली, म्हणजे खरीखुरी दोरीच, फक्त धातूची. तारेवर काम करणारा तो लाइनमन. ‘लाइन लागली’ म्हणजे त्या तारेशी आपली तार जोडली गेली. आज मोबाइलला तार नाही, तरी लाइन बिझी असते आणि आपण ऑनलाइन असतो. वस्तू गेली, शब्द राहिला.

घराण्याच्या अर्थाबद्दल फार सांगायला नको. ‘लिनिएज’ म्हणजे बापापासून मुलाकडे जाणारी ओळ, एवढं पुरे.

हद्दीच्या लाइनबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण आपण राहतो ती जागाच तशी आहे. जमीन पूर्वी दोरीनंच मोजत. बायबलच्या 1611 च्या इंग्रजी भाषांतरात सोळाव्या स्तोत्रात कवी म्हणतो की त्याच्यासाठी ‘लाइन्स’ चांगल्या ठिकाणी पडल्या. त्या मोजणीच्या दोऱ्या, म्हणजे वाटणीत जमीन चांगली आली. हे ठाऊक नसेल तर ते वाक्य कळतच नाही. आपल्याकडे मुंबई इलाख्यात, म्हणजे पुढच्या मुंबई राज्यात, ज्यात 1956 पर्यंत बेळगावही होतं, मोजणीला दोरीऐवजी साखळी आली. ती 33 फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद म्हणजे 1089 चौरस फूट, तोच एक गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. गुंठ्याचा हा 1089 आकडा असा विचित्र का, याचं उत्तर साखळीच्या लांबीत आहे. गणिताच्या बाईंशी बोलून हा तास एकत्र घेता येईल.

शेताची हद्द ही अशी जमिनीवर ताणून ठरते, दगड रोवून पक्की होते, आणि दोन्हीकडचे शेतकरी तिथं हजर असतात. देशांच्या आणि राज्यांच्या लाइनी वेगळ्या. 1893 ची ड्युरँड लाइन, 1914 ची मॅकमहॉन लाइन, 1947 ची रॅडक्लिफ लाइन या नकाशावर ओढलेल्या आणि ओढणाऱ्या साहेबाचं नाव लागलेल्या. 1972 च्या सिमला करारानंतरची ‘लाइन ऑफ कंट्रोल’ ही त्यांतली आपल्या कानावर सगळ्यात जास्त पडणारी. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांच्या पुनर्रचनेत आपल्या भागातून गेलेली लाइनही कागदावरचीच. मुलांना ती पाठ्यपुस्तकातून समजावून सांगण्यापेक्षा महाराष्ट्रातल्या चंदगडची माणसं बाजारहाटाला रोज बेळगावात येतात हे दाखवावं. शिनोळीपाशी राज्य बदलतं, पाट्यांची लिपी बदलते, शिवार तसंच पुढं चालू राहतं. दोऱ्यानं आखलेली हद्द आणि पेनानं ओढलेली हद्द यांतला फरक सीमाभागातल्या मुलाला कुणी शिकवावा लागत नाही. त्याला फक्त शब्द पुरवायचा असतो.

आता डेडलाइन. हो, संबंध आहे, आणि तो अलंकारिक नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 साली, दक्षिणेकडच्या राज्यांनी जॉर्जियात अँडरसनव्हिल इथं युद्धकैद्यांची छावणी उभारली. लाकडी ओंडक्यांच्या उंच कुंपणापासून आत सुमारे 19 फुटांवर एक बुटका कठडा होता. त्याला ‘डेड लाइन’ म्हणत. कठड्याला हात लावला किंवा पलीकडं पाऊल टाकलं तर पहारेकऱ्याला गोळी घालायची मुभा. तिथं सुमारे 45,000 कैदी ठेवले गेले आणि त्यांतले 13,000 च्या आसपास मेले. बहुतेक रोगराईनं आणि उपासमारीनं, पण शब्द त्या कठड्यामुळं राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत तो ‘मजकूर देण्याची शेवटची वेळ’ या अर्थानं रुळला आणि तिथून सगळीकडे गेला. वर्गात ‘गृहपाठाची डेडलाइन’ म्हणताना हे जरूर सांगा. सातवीची मुलं एवढं झेलू शकतात, आणि असे शब्द कुठून येतात हे त्यांनी ऐकायलाच हवं.

शेवटी, ओळीसाठीचे दोन शेजारचे शब्द. ‘क्यू’ या कुळातला नाही. तो फ्रेंचमधला ‘शेपूट’, मूळ लॅटिन ‘काउदा’. ‘फाइल’चं मूळही वेगळं, पण अर्थानं ती मावसबहीण आहे. लॅटिन ‘फिलुम’ म्हणजेही दोरा. पूर्वी कचेरीतले कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत, त्या ओवलेल्या गठ्ठ्याला फाइल म्हणू लागले. एकामागं एक चालणं ते ‘सिंगल फाइल’, तेही दोऱ्यात ओवल्यासारखं. बाईंनी पुढचा तास या शब्दावर घ्यावा. मुलांना आधी काही सांगू नये. टॅग लावलेली एक जुनी फाइल टेबलावर ठेवावी आणि विचारावं, यात दोरा कुठं आहे?